आधी कृत्य, मग समर्थन



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्षानुवर्षे मुलांना गणित शिकवले आणि मार्च महिना आला की बोर्डाच्या परीक्षेचे केंद्रही सांभाळले. त्यांच्या नावाने बोलायला उभे राहायचे, तर विषय परीक्षेच्या खोलीतला असावा असे मला वाटले. माझा प्रश्न असा आहे : चांगल्या घरातला, कायदा पाळणारा, चार लोकांत मान असलेला माणूस जेव्हा चुकीचे वागतो, तेव्हा आधी काय बिघडते? त्याचे विचार, की त्याचे वागणे?

आपले रूढ उत्तर ठरलेले आहे. आधी विचार बिघडतात, मग वागणे. म्हणून शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचा, मूल्यशिक्षणाचा तास ठेवायचा, कार्यालयाच्या भिंतीवर सचोटीची पाटी लावायची. विचार नीट असले की वागणे आपोआप नीट राहील, असा त्यामागचा भरवसा. तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग असा, की पुष्कळदा कृत्य आधी घडते आणि विचार त्याच्या मागून वकीलपत्र घेऊन येतो. एकदा वकील नेमला गेला, की पुढच्या कृत्याची बाजूही तो आधीच तयार ठेवतो. आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे, आणि त्यातून आपल्या घरांसाठी, शाळांसाठी, कचेऱ्यांसाठी काय निघते ते पाहायचे आहे.

विचारांवर टाकलेला भार ते किती पेलतात, हे तपासणारा एक जुना अभ्यास आहे. स्टीफन कोरी या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने तो १९३७ साली प्रसिद्ध केला. परीक्षेतल्या गैरप्रकारांबद्दल तुमचे मत काय, हे त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रश्नावलीतून विचारले. मग वर्गात 'चूक की बरोबर' पद्धतीच्या चाचण्या घेतल्या. पेपर गोळा केले, विद्यार्थ्यांना कळू न देता त्यांचे खरे गुण टिपून ठेवले, आणि नंतर तेच पेपर परत देऊन 'आपापले तपासा' असे सांगितले. विद्यार्थ्याने स्वतःला दिलेले गुण आणि आधी टिपलेले गुण यांतली तफावत हे लबाडीचे माप. व्यक्त केलेले मत आणि प्रत्यक्ष लबाडी यांचा सहसंबंध निघाला ०.०२, म्हणजे जवळजवळ शून्य. त्याहून जवळचा संबंध दिसला तो पेपर किती वाईट गेला होता याच्याशी. त्याआधी १९२८ साली ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांना वर्गात, घरी, खेळात लबाडीची संधी देऊन पाहिले होते. एका ठिकाणी लबाडी करणारे मूल दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक असू शकते, असे त्यांना आढळले. 'हा प्रामाणिक, तो लबाड' अशी सरसकट विभागणी टिकली नाही.

यावरून विचारांना काही किंमतच नाही, असे कोणी म्हणेल. तसे नाही. मोहाच्या क्षणी मत दुबळे ठरते हे खरे. पण तो क्षण उलटल्यावर त्या मताचे काय होते, हे बघायला हवे. जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञाने नेमके तेच पाहिले. त्याचा अभ्यास १९५८ सालचा. सहावीतल्या मुलांना त्याने आधी विचारले, की फसवणे किती वाईट? मग बक्षिसाची स्पर्धा ठेवली आणि त्यात लबाडी करायला वाव ठेवला. आपण कोणाला दिसत नाही असे मुलांना वाटत होते, पण कोण काय करतो हे त्याला कळत होते. काहींनी लबाडी केली. काहींना मोह झाला, तरी त्यांनी तो आवरला. दुसऱ्या दिवशी त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ज्यांनी लबाडी केली होती ती मुले आता लबाडीकडे अधिक नरमाईने पाहू लागली होती, आणि ज्यांनी मोह आवरला ती आधीपेक्षा कडक झाली होती.

या निष्कर्षापाशी थोडे थांबू या. आदल्या दिवशी दोन मुलांची मते जवळपास सारखी असू शकतात. दोघेही काठावर, दोघांनाही बक्षीस हवे. एकाचा हात पुढे गेला, दुसऱ्याचा थांबला. दोघांत अंतर असेल ते केसाएवढे. पण एका दिवसात दोघांचे विचार दोन दिशांना सरकले. पहिला म्हणतो, 'त्यात काय एवढं?' दुसरा म्हणतो, 'असं करणाऱ्यांना बाहेर काढलं पाहिजे.' पुढच्या वेळी हे दोघे काठावर नसतील. कृत्याने मत घडवले आणि ते मत आता पुढचे कृत्य घडवायला सज्ज आहे.

असे का व्हावे? लिऑन फेस्टिंगर याने १९५७ साली याचे उत्तर मांडले. आपल्या मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की माणूस अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता तो फार काळ सोसत नाही. 'मी सरळ माणूस आहे' ही एक गोष्ट आणि 'मी आत्ता खोटे बोललो' ही दुसरी. झालेले कृत्य तर पुसता येत नाही. मग बदलते ते मत. १९५९ साली त्याने जेम्स कार्लस्मिथबरोबर स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणे काम दिले : ट्रेमध्ये रिळे भरायची, काढायची, पुन्हा भरायची, मग फळीवरच्या खुंट्या एकेक करून पाव वळसा फिरवायच्या. त्यानंतर बाहेर बसलेल्या पुढच्या व्यक्तीला 'काम फार मजेचे होते' असे सांगायला लावले. या खोट्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. शेवटी त्यांनाच विचारले, तुम्हाला ते काम खरोखर कसे वाटले? वीस डॉलर घेणाऱ्यांनी काही त्याची तारीफ केली नाही. एक डॉलर घेणाऱ्यांना मात्र ते बऱ्यापैकी आवडले होते!

वीस डॉलरवाल्याजवळ कारण तयार होते : पैशासाठी बोललो. एक डॉलरवाल्याजवळ तेवढे कारण नव्हते. एवढ्याशा पैशासाठी आपण खोटे बोललो, हे मनाला पटेना. म्हणून मग 'ते खोटे नव्हतेच' असे पटवून घ्यावे लागले. मोबदला जितका लहान, तितके मन अधिक वाकवावे लागते. एरवी आपण मोठ्या लाचेला घाबरतो आणि किरकोळ गैरप्रकाराकडे काणाडोळा करतो. विचारांवर होणारा परिणाम पाहायचा, तर किरकोळ गैरप्रकार अधिक धोक्याचा आहे.

हे मला पुस्तकात वाचून पटले त्याच्या कितीतरी आधी मी डोळ्यांनी पाहिले होते. एका तालुक्याच्या गावी मी परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून जात असे. तिथे एक सहकारी शिक्षक होते. शिकवायचे मन लावून, गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरायचे. पहिल्या वर्षी त्यांच्या खोलीत एका मुलाने पॅडखालून चिठ्ठी काढली, तेव्हा ते वळून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चहाच्या वेळी मी विचारले, तर म्हणाले, "आज डोकं दुखतंय हो." एवढेच. चेहरा उतरलेला होता. पुढच्या वर्षी पेपर सुरू व्हायच्या आधी ते मुलांना म्हणाले, "आवाज करू नका, भरारी पथक आलं तर माझी अडचण होईल." त्याच्या पुढच्या वर्षी वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे ते स्वतः हळू आवाजात सांगत होते. त्या वर्षी मी न राहवून बोललो. ते शांतपणे म्हणाले, "सर, आपण पाप करत नाही. ही पोरगी नापास झाली तर घरी बसेल. उद्या लग्न लावून देतील तिचं. तुम्हाला नियम दिसतो, मला पोरगी दिसते."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. नापास झालेल्या मुलीचे लग्न उरकून टाकणारी घरे मीही पाहिली आहेत. पण हे कारण पहिल्या वर्षी त्यांच्या तोंडी नव्हते. पहिल्या वर्षी फक्त डोके दुखत होते. करुणेने त्यांना खिडकीपाशी नेले नाही. खिडकीपाशी गेल्यावर करुणा कारण म्हणून पुढे आली. आणि तिथेही ती थांबली नाही. त्या केंद्रावर एक कडक पर्यवेक्षक होते, त्यांच्याविषयी हेच सहकारी म्हणू लागले, "हा माणूस पोरांच्या जिवावर उठलाय." जो नियम पाळतो तोच निर्दय ठरू लागला, की समजावे, मत पुरते उलटले.

त्यांनी कोणाकडून एक पैसाही घेतला नव्हता. घेतला असता, तर आपण गैर केले हे त्यांना कुठेतरी ठाऊक राहिले असते. पैसे घेऊन पेपर फोडणाऱ्याला आपला गुन्हा माहीत असतो, म्हणून तो लपतो. फुकट मदत करणाऱ्याला आपण पुण्य करतो असे वाटू लागते, म्हणून तो ती पद्धत नव्या शिक्षकांना शिकवतो.

इथे एक गाठ आहे, ती सोडवली पाहिजे. गुन्ह्यांचा अभ्यास करणारे काही विद्वान नेमके उलटे सांगतात. डोनाल्ड क्रेसी याने अफरातफरीसाठी तुरुंगात गेलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन १९५३ साली पुस्तक लिहिले. त्याला आढळले, की पैसे उचलण्याआधीच त्या लोकांनी मनाशी म्हटलेले असते : 'उसने घेतोय, परत ठेवीन.' १९५७ साली ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा यांनी बालगुन्हेगारांच्या अशाच समर्थनांची यादी केली. त्यांचेही म्हणणे हेच, की समर्थन आधी हाताशी असते, मग कृत्य घडते. त्यांनी सांगितलेले पाच प्रकार आपण आपल्या रोजच्या बोलीत ऐकतो. माझ्या हातात काय आहे, वरून आदेश आहे. यात कोणाचं काय नुकसान झालं? त्याला तसंच पाहिजे होतं. बोलणारे तरी कुठे साव आहेत? आपल्या माणसांसाठी करावंच लागतं.

मग आधी काय, कृत्य की समर्थन? मला वाटते, दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एका माणसाने कृत्यानंतर स्वतःला शांत करण्यासाठी जे कारण शोधले, ते दुसऱ्या माणसाला कृत्याआधीच आयते मिळते. माझ्या सहकाऱ्यांना आपले समर्थन तीन परीक्षांमधून घडवावे लागले. त्यांच्या खोलीत बसलेल्या मुलांना मात्र ते पहिल्याच दिवशी मिळाले, तेही गुरूच्या तोंडून. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात. हा सोकावणारा काळ कुठे बाहेर नसतो. तो या आयत्या कारणांच्या रूपाने एका पिढीकडून दुसरीकडे जातो. आपल्या राज्यात १९८२ पासून परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. भरारी पथके आहेत, बैठी पथके आहेत. तरीही जे शिक्षक होऊ पाहतात त्यांच्याच पात्रता परीक्षेत गैरप्रकार झाला आणि २०२२ साली ७ हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई करावी लागली. कायदा कृत्य पकडतो. पकडले न गेलेले समर्थन तसेच फिरत राहते.

एकेक पायरी चढत हे किती उंच जाते, याचे एकच उदाहरण घेतो. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबातला खोटेपणा कबूल केला. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. एका तिमाहीत ६४९ कोटींचा नफा दाखवला होता, प्रत्यक्षात तो ६१ कोटी होता. पत्रात त्यांनी म्हटले होते, की खरा आणि दाखवलेला नफा यांतली तफावत सुरुवातीला किरकोळ होती. कंपनी वाढत गेली तशी ती आवाक्याबाहेर गेली. पहिल्या तिमाहीत कोणी त्यांना ५,०४० कोटींचा खोटा आकडा लिहायला सांगितला असता, तर त्यांनी तो लिहिला असता का? मला तसे वाटत नाही. त्याच पत्रात, या व्यवहारातून आपण स्वतः काही लाभ घेतला नाही, असेही ते सांगतात. कबुलीच्या कागदावरही समर्थनाने आपली जागा राखलेली आहे. २०१५ साली हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात तिला स्थगिती मिळाली.

या पायऱ्यांचा ठसा मेंदूतही दिसतो. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वतःच्या फायद्यासाठी वारंवार खोटे बोलणाऱ्यांच्या मेंदूतील अमिग्डला या भावनांशी निगडित भागाचा प्रतिसाद हळूहळू मंदावत गेला, आणि तो मंदावला तसे पुढचे खोटे मोठे होत गेले. पहिल्या दिवशीची बोच ही निसर्गाने दिलेली सूचना आहे. ती आपण ऐकली नाही, तर ती देणेच थांबते.

श्रोतेहो, इथवर ऐकून मन निराश होईल. होऊ नये. कारण फेस्टिंगरने सांगितलेल्या अस्वस्थतेला बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. मत वाकवणे ही एक. वागणे सुधारणे ही दुसरी. माणूस सोपी असेल ती वाट धरतो. कोणती वाट सोपी ठेवायची हे मात्र पुष्कळसे आपल्या, म्हणजे समाजाच्या, हातात आहे.

दुसरी वाट चालते याचा पुरावा आहे. कॅलिफोर्नियात पाण्याची टंचाई असताना सांताक्रूझ येथील विद्यापीठात एलियट अॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. स्नानगृहाकडे निघालेल्या काही विद्यार्थिनींना पाणी वाचवण्याच्या आवाहनावर नावानिशी सही करायला सांगितली, आणि त्या स्वतः किती पाणी वापरतात याचीही आठवण करून दिली. या मुलींनी त्या दिवशी शॉवरखाली कमी वेळ घालवला. लोकांसमोर एक बोललो आणि घरी दुसरेच करतो, ही विसंगती अजून ताजी होती आणि समर्थनाला वेळ मिळाला नव्हता. म्हणून मताऐवजी वागणे बदलले.

आपल्याकडे परीक्षेआधी मुलांना कॉपी न करण्याची शपथ देतात. उद्देश चांगला आहे. पण नुसत्या शपथेवर विसंबू नये. कागदाच्या शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीला केली, तर लोक कमी खोटे बोलतात, असे सांगणारा एक शोधनिबंध २०१२ साली अमेरिकेत गाजला. अनेकांनी ही युक्ती उचलली. २०२० साली त्याच लेखकांनी मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासले, तर परिणाम दिसला नाही. आणि त्यातली मोटार विम्याची आकडेवारी बनावट असल्याचे उघड झाल्यावर २०२१ साली तो निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणाचा अभ्यास करणाऱ्या क्षेत्रालाही या रोगापासून अभय नाही. आणि त्याच क्षेत्रातल्या इतरांनी आकडे तपासून ते उघड केले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. परत फिरण्याची वाट अशीच असते : कोणीतरी वेळेवर तपासते आणि चुकीला तिच्या नावाने हाक मारते.

ही वाट एका मुलाने कशी धरली, ते गांधीजींच्या आत्मकथेत आहे. आधी काकांनी ओढून टाकलेली विडी-सिगारेटची थोटके उचलणे, मग नोकराच्या खिशातले तांब्याचे पैसे, आणि पंधराव्या वर्षी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा. त्याच भावाचे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडायचे होते. पायऱ्या त्याच, वर जाणाऱ्या. समर्थनही हाताशी होते : कडे भावाचे, कर्जही भावाचे, आपल्या खिशात काहीच नाही. मुलाने ते वापरले नाही. त्याने चिठ्ठी लिहिली, तीत चोरी कबूल केली, शिक्षा मागितली आणि पुन्हा चोरी न करण्याचे वचन दिले. आजारी वडील अंथरुणावर होते; ते चिठ्ठी वाचायला उठून बसले. डोळ्यांतले पाणी कागदावर पडले. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले.

आपण नेहमी या प्रसंगातल्या मुलाचे कौतुक करतो. मला आज वडिलांकडे लक्ष वेधायचे आहे. त्यांनी चोरीला चोरी म्हणू दिले. 'जाऊ दे, त्यात काय' असे म्हणून ती पुसली नाही. आणि मुलाला झोडपलेही नाही. चूक मोठी राहिली आणि परतीची वाट खुली राहिली. आपण बहुतेकदा नेमके उलटे करतो. एक तर चूक लहान करून टाकतो, नाहीतर माणसालाच संपवतो. पहिल्याने समर्थन मिळते. दुसऱ्याने कबुलीची हिंमत जाते, आणि मग समर्थनाशिवाय काही उरत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पालकांना : मूल पहिली लबाडी सांगायला येईल तेव्हा ती लहान समजू नका आणि त्याला सांगितल्याचा पश्चात्तापही होऊ देऊ नका. शिक्षकांना आणि कचेरीतल्या वरिष्ठांना : आपल्या तोंडून निघणारे प्रत्येक 'चालतं हो' कोणाच्या तरी पहिल्या पायरीची परवानगी ठरते, हे लक्षात ठेवा, आणि हाताखालचा माणूस चूक स्वतः सांगायला आला, तर पकडल्या गेलेल्यापेक्षा त्याला वेगळे वागवा. तिसरी विनंती आपणा सर्वांना आहे. एखाद्या गोष्टीबद्दलचे आपले मत अलीकडे मवाळ झाले असेल, तर ते बदलण्याआधी आपण काय केले होते, हे एकदा तपासून पाहा. कृत्य आधीचे आणि मत नंतरचे निघाले, तर त्या मतावर विश्वास ठेवू नका.

आणि मुलीचे वर्ष वाया जाऊ नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी काम पडलेले आहे. ते मार्चमध्ये परीक्षेच्या खोलीत नाही, जूनपासून वर्गात करायचे आहे. करुणा खरी असेल तर ती तिथे दिसेल. ज्या गुरुजींच्या नावाने आपण जमलो आहोत, त्यांनी केंद्र कडक ठेवले आणि उन्हाळ्यात नापास मुलांचे वर्गही घेतले. एकाच माणसाने ही दोन्ही कामे केली, आणि ती आपल्यालाही करता येतील.